पेठेतला ‘ठ’ कुठे गेला?

प्रश्न : आमचे नारायण पेठेत छोटे वाचनालय आहे. पुस्तकांची सूची आणि सभासदांची यादी बारा वर्षांपूर्वी संकेतस्थळावर चढवली. एवढी वर्षे सगळे नीट दिसत होते. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हरवाल्यांनी मशीन बदलले आणि तेव्हापासून मराठी मजकुराच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे, पौंड-येनच्या खुणा, अपूर्णांक असले काहीबाही दिसते. प्रत्येक सभासदाच्या पत्त्यात ‘नारायण पेठ, पुणे’ आहे, त्यातले एकही अक्षर वाचता येत नाही. त्यापुढचा ‘३०’ मात्र शाबूत आहे, तो आम्ही इंग्रजी अंकांत टाकला होता. गेल्या आठवड्यात चार नवी पुस्तके चढवली, तर त्यांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आली. एकाने फॉन्ट बदलायला सांगितले, दुसरा म्हणतो सगळे पुन्हा टाइप करा. नऊ हजार नोंदी आहेत. काय करावे?
— एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : सगळ्यात आधी एक काम करा. आजपासून, हे वाचून होताच, नव्या नोंदी आणि जुन्या नोंदींतल्या दुरुस्त्या थांबवा. कारण पुढे सांगतो. पुन्हा टाइप करायचे तर मनातही आणू नका. आपल्या नऊ हजार नोंदी, ती चार पुस्तके सोडून, बहुतेक जशाच्या तशा आहेत. डेटाबेस त्या चुकीच्या कोष्टकातून वाचून दाखवतो आहे, एवढाच बिघाड आहे. फॉन्टचाही यात काही संबंध नाही. फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, टोप्या घातलेली अक्षरे दिसत नाहीत.

आपल्या पुण्यात हे समजायला सोपे जावे. मोडीतले पत्र एखाद्याने बालबोध समजून वाचायला घेतले, तर कागद तोच, शाई तीच, पण वाचन भलतेच होईल. जुन्या कागदपत्रांत ज्याने काम केले आहे तो लगेच विचारतो, लिपी कोणती? संगणकालाही हाच प्रश्न विचारावा लागतो, कारण त्याच्याकडे अक्षरे नसतातच. असतात ते आकडे, ० ते २५५ यांपैकी एकेक, आणि अशा एका आकड्याला बाइट म्हणतात. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर हे ठरवणारी कोष्टके वेगवेगळी आहेत.

पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी जे कोष्टक रूढ झाले ते लॅटिन-१. त्यात एका बाइटला एक अक्षर. इंग्रजीची सव्वीस अक्षरे, शिवाय फ्रेंच, जर्मन, स्वीडिश भाषांना लागणारी टोपीवाली, टिंबवाली, तिरक्या रेघेची अक्षरे, सगळी २५६ घरांत बसतात. मराठी त्यात नाही. मराठीला जागा मिळाली युनिकोडमध्ये. १९९१ साली पहिले युनिकोड आले तेव्हाच देवनागरीला त्यात १२८ जागांचा पट्टा होता आणि त्याची मांडणी आपल्याकडच्या इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतली होती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावर अंथरलेल्या कागदावर यूटीएफ-८ या पद्धतीचा आराखडा काढला. युनिकोडमधले प्रत्येक अक्षर एक ते चार बाइटांत कसे मांडायचे, हे ती पद्धत ठरवते. इंग्रजी अक्षरे आणि अंक पूर्वीसारखेच एका बाइटात राहिले, म्हणून आपला ‘३०’ वाचला. मराठीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र तीन बाइट लागतात.

‘म’ घ्या. यूटीएफ-८ मध्ये ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४ हे तीन आकडे. आता हेच तीन आकडे कोणी लॅटिन-१ च्या कोष्टकातून वाचले तर? २२४ म्हणजे डावीकडून उतरणारी तिरकी रेघ डोक्यावर असलेला छोटा ‘ए’. १६४ म्हणजे चार कोपऱ्यांना काड्या असलेले वर्तुळ, चलनाची सर्वसाधारण खूण. १७४ म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा वर्तुळातला ‘आर’. एका ‘म’ची ही तीन चिन्हे झाली. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होते आणि दुसरा आकडा १६४ किंवा १६५ असतो. म्हणून आपल्या पानावर तो रेघवाला ‘ए’ आणि त्यामागे कधी काड्यांचे वर्तुळ, कधी येनची खूण, अशी तीच ती जोडी पुन्हा पुन्हा दिसते. खरा फरक फक्त तिसऱ्या आकड्यात असतो. ‘र’ची होते अंशाची खूण, काना होतो पाऊण, ‘ण’ होतो पौंड, ‘ळ’ होतो वर चढवलेला छोटा ३, ‘ओ’ होतो उघडणारे दुहेरी अवतरणचिन्ह आणि ‘औ’ होतो मिटणारे. ‘नारायण’ हा शब्द आपल्या पानावर पाहा. त्यात दोन पाऊण असतील, मध्ये एक अंश आणि शेवटी पौंड. हे ओळखू आले की भीती निम्मी कमी होते, कारण मग दिसते की प्रत्येक अक्षर आपापल्या जागी बसलेले आहे.

जपानी लोकांनी हा त्रास इतका सोसला आहे की त्यांच्याकडे याला स्वतंत्र शब्दच आहे, ‘मोजिबाके’, म्हणजे अक्षरांनी घेतलेले सोंग.

मग बारा वर्षे सगळे नीट कसे दिसत होते? याचे कारण असे की दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. वाचनालयांची संकेतस्थळे बहुधा मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतात, आपलेही तसेच असावे. हा डेटाबेस स्वीडनमध्ये जन्मला. त्याची मूळची ठेवण लॅटिन-१ ची आणि वर्णक्रम स्वीडिश भाषेचा. कोणी वेगळे सांगितले नाही तर प्रत्येक नवे टेबल त्याच ठेवणीत तयार व्हायचे. आपले पान मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये पाठवत होते. डेटाबेस ते बाइट लॅटिन-१ ची अक्षरे समजून मुकाट्याने ठेवून घेत होता आणि मागितले की तसेच्या तसे परत देत होता. ब्राउझर त्यांना पुन्हा यूटीएफ-८ म्हणून वाचत होता. मधल्या माणसाला पत्राची लिपी कळत नव्हती, पण त्याने पत्र उघडलेच नाही, म्हणून काही बिघडले नाही.

एप्रिल २०१८ मध्ये मायएसक्यूएलची ८.० ही आवृत्ती आली आणि तिने आपली मूळ ठेवण बदलून यूटीएफ-८ केली. सर्व्हरवाल्यांनी मशीन बदलले म्हणजे बहुतेक जुन्या आवृत्तीवरून नव्यावर आणले. आता डेटाबेस आणि आपले पान यांच्यातले बोलणे यूटीएफ-८ मध्ये चालते. पण टेबलावर पाटी जुनीच आहे, ‘आतला मजकूर लॅटिन-१’. डेटाबेस त्या पाटीवर विश्वास ठेवतो, प्रत्येक बाइट लॅटिनचे अक्षर मानतो आणि प्रामाणिकपणे त्याचे यूटीएफ-८ मध्ये भाषांतर करून पाठवतो. पूर्वी पत्र न उघडणारा आता उघडून वाचून दाखवू लागला.

त्या चार पुस्तकांचेही कारण यातच आहे. आता आपण ‘म’ पाठवला तर डेटाबेसला तो ‘म’ म्हणून कळतो. पण ठेवायचा कुठे, तर लॅटिन-१ च्या टेबलात, आणि त्या कोष्टकात ‘म’ला घरच नाही. अशा वेळी ढिलाईने चालवलेला डेटाबेस प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठेवतो. ते प्रश्नचिन्ह खरेखुरे असते, त्याच्यामागे काही दडलेले नसते. म्हणूनच नोंदी थांबवा म्हटले. सोंग घेतलेली अक्षरे परत आणता येतात, प्रश्नचिन्ह झालेली परत येत नाहीत. ती चार पुस्तके कपाटातून काढून, नावे पाहून पुन्हा चढवावी लागतील. मधल्या काळात कुणी एखाद्या जुन्या सभासदाचे नाव मराठीत नव्याने टाइप करून जतन केले असेल, तर त्याचीही प्रश्नचिन्हे झाली असतील. स्वयंसेवकांना विचारून अशा नोंदींची यादी करा.

आता निदान. डोळ्यांनी पाहून ठरवू नका, मोजून ठरवा. मायएसक्यूएलमध्ये दोन फंक्शन्स आहेत. ‘लेंग्थ’ बाइट मोजते, ‘कॅर-लेंग्थ’ अक्षरचिन्हे मोजते. एखाद्या सभासदाच्या क्रमांकावरून त्याची नोंद काढा (मराठी नावाने शोधाल तर सापडणार नाही) आणि जिथे नुसते ‘नारायण पेठ’ असेल अशा कॉलमवर दोन्ही चालवा. ‘नारायण पेठ’मध्ये काने-मात्रा वेगळे धरून नऊ चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे, म्हणजे दहा. बाइट होतात नऊ त्रिक सत्तावीस आणि एक, अठ्ठावीस. अक्षरे १० आणि बाइट २८ असे आले तर आतला मजकूर निरोगी आहे, दोष पानात किंवा जोडणीत शोधा. दोन्ही आकडे २८ आले तर बाइट बरोबर आहेत आणि टेबलावरची पाटी चुकीची आहे. आपले दुखणे माझ्या अंदाजाने हेच. दोन्ही १० आले तर ती प्रश्नचिन्हे, बॅकअप शोधा. आणि अक्षरे २८ पण बाइट ५६ आले, तर कोणीतरी आधीच घाईने दुरुस्ती केली आहे आणि ते सोंग डेटाबेसात कायमचे लिहिले गेले आहे. चुकीचे वाचन एका कारकुनाने सुवाच्य अक्षरात नक्कल करून दप्तरी लावून टाकावे, तसे.

ही चौथी अवस्था कशी येते ते समजून घ्या, म्हणजे आपल्या हातून ती येणार नाही. टेबल लॅटिन-१ चे आहे असे कळले की मन म्हणते, चला, ते यूटीएफ-८ मध्ये बदलून टाकू. त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे, ‘कन्व्हर्ट टू’. ती दिली की डेटाबेस पाटी बदलतो आणि पाटीबरोबर आतले प्रत्येक ‘अक्षर’सुद्धा बदलतो. तिथे लॅटिनचा रेघवाला ‘ए’ आहे असे समजून तो त्याचा यूटीएफ-८ मधला रेघवाला ‘ए’ करून ठेवतो. आपल्याला हवे आहे ते याच्या उलट. बाइटांना हात लावायचा नाही, फक्त पाटी बदलायची.

त्यासाठी दोन पावलांनी जावे लागते. आधी कॉलमचा प्रकार बदलून तो बायनरी करा. म्हणजे डेटाबेसला सांगा, ‘यात अक्षरे नाहीत, नुसते बाइट आहेत, काही समजून घेऊ नकोस.’ मग त्याच कॉलमचा प्रकार पुन्हा बदलून मजकूर करा, या वेळी पाटी ‘यूटीएफ-८-एमबी-४’ अशी. बायनरीवरून मजकुरात येताना डेटाबेस भाषांतर करत नाही, आहेत ते बाइट नव्या पाटीखाली ठेवतो. नऊ हजार नोंदी अशा काही क्षणांत बऱ्या होतात. हे करताना मी पाहिलेला तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. पडदा ताजा केला आणि जिथे काड्यांची वर्तुळे होती तिथे ओळीने माणसांची नावे उभी राहिली.

पण त्याआधी बॅकअप. तो घेताना एक खुबी आहे. बॅकअपसुद्धा जोडणीच्या कोष्टकातूनच लिहिला जातो, म्हणून तो लॅटिन-१ ठेवून घ्या, म्हणजे फाइलमध्ये मूळचे बाइट उतरतील. ती फाइल यूटीएफ-८ समजणाऱ्या साध्या संपादकात उघडून पाहा. मराठी नीट दिसली तर आपली पुंजी सुरक्षित आहे असे समजा. त्याची एक प्रत घरी न्या. दुरुस्ती आधी या प्रतीवर, वेगळ्या डेटाबेसात करून पाहा आणि मगच मूळ ठिकाणी करा.

चौथ्या अवस्थेतल्यांसाठी उलटा प्रवास आहे. मजकूर यूटीएफ-८ मधून लॅटिन-१ मध्ये आणायचा, त्याला बायनरी म्हणायचे आणि त्यातून पुन्हा यूटीएफ-८ वाचायचे. हे तिन्ही एकाच वाक्यात, एकात एक घालून करता येते. मात्र ते सगळ्या टेबलावर कधीही चालवू नका. बिघडल्यानंतर चढवलेल्या नोंदी निरोगी असतील, तर पहिल्याच पावलावर त्या लॅटिन-१ मध्ये न मावून त्यांची प्रश्नचिन्हे होतील. ज्या नोंदीत रेघवाला ‘ए’ आणि त्यामागे वर्तुळ किंवा येन ही जोडी सापडते, तेवढ्यांवरच चालवा.

आता या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग, ज्यासाठी या उत्तराला ते शीर्षक दिले. सोंग घेतलेली काही अक्षरे दिसतच नाहीत. ‘ठ’चा तिसरा आकडा १६०. लॅटिन-१ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. ‘भ’चा १७३, म्हणजे ओळीच्या शेवटी गरज पडली तरच उमटणारी छुपी जोडरेघ. आता विचार करा, पुण्यातल्या यादीत पेठेचा कॉलम वेगळा असला की शेकडो पत्ते ‘पेठ’ या शब्दाने संपतात. नारायण पेठ, सदाशिव पेठ, शनिवार पेठ. बिघडलेल्या अवस्थेत या प्रत्येक पत्त्याचे शेवटचे चिन्ह म्हणजे एक मोकळी जागा असते. कोणीतरी यादी ‘स्वच्छ’ करायची म्हणून शेवटच्या फालतू जागा काढणारी आज्ञा चालवतो. पायथन भाषेतली ‘स्ट्रिप’ ही जागासुद्धा काढते. आणि सगळ्या पेठांचा ‘ठ’ जातो. एका संस्थेच्या यादीत हे घडलेले मी पाहिले. दुरुस्तीनंतर सदाशिव, शनिवार, बुधवार सगळे परत आले आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला ‘पे’पुढे काळ्या चौकटीतले पांढरे प्रश्नचिन्ह राहिले. त्या संस्थेचे नशीब, की २२४ आणि १६४ हे दोन आकडे मागे उरले होते. मोकळी जागा म्हणून गळणारे, १६४ च्या गटातले अक्षर ‘ठ’च असते, म्हणून ते नेमके परत बसवता आले.

दुसरी भोके याहून वाईट जागी आहेत. विंडोजने लॅटिन-१ चे स्वतःचे वाढवलेले कोष्टक वापरले, १२५२ क्रमांकाचे. त्यात पाच घरे रिकामी आहेत, १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आता देवनागरीत या घरांवर कोण येते ते पाहा. १६५ च्या गटात १२९ म्हणजे ऱ्हस्व उकार, आणि १४१ म्हणजे हलन्ताची खूण, जिच्यावाचून मराठीतले एकही जोडाक्षर होत नाही. १६४ च्या गटात १४३ ‘ए’, १४४ ‘ऐ’, १५७ ‘झ’, १२९ चंद्रबिंदू. मजकूर बिघडलेल्या अवस्थेत एखाद्या काटेकोर प्रोग्रॅममधून गेला, तर या आकड्यांवर तो अडतो, प्रश्नचिन्ह टाकतो किंवा त्यांना गाळतो. मग ‘पुणे’चा उकार जातो, ‘ज्ञानेश्वर’मधली दोन्ही जोडाक्षरे सुटतात, ‘माझ्या’मधून ‘झ’ आणि हलन्त दोघेही जातात. मायएसक्यूएलने इथे शहाणपणा केला आहे. त्याचे ‘लॅटिन-१’ खरे म्हणजे हेच १२५२ चे कोष्टक, पण ती पाच घरे त्याने भरून ठेवली आहेत, म्हणून त्याच्या आतल्या आत फिरवलेला मजकूर काही गमावत नाही. धोका असतो तो बाहेर काढून, एक्सेलमध्ये उघडून, कुठून कुठे चिकटवून दुरुस्त करण्यात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, दुरुस्ती डेटाबेसच्या आतच करा.

कुणाकडे असा गळका मजकूर आधीच असेल तर तोही सोडून देऊ नये. १६५ च्या गटातला आकडा हरवला असेल तर मराठीत शक्यता दोनच उरतात, उकार किंवा हलन्त (क्वचित ‘ॐ’). शब्द समोर असताना कोणता ते शाळेतले मूलसुद्धा सांगेल, आणि मराठी शब्दांची यादी हाताशी दिली तर प्रोग्रॅमही बरेचसे सांगतो. बाकीचे माणसाने पाहायचे. नावे मात्र माणसानेच पाहावीत.

दुरुस्ती झाल्यावर चार ठिकाणी एकच भाषा आहे ना, हे बघा. टेबल आणि त्यातला प्रत्येक कॉलम, कारण टेबलाची पाटी बदलली तरी जुन्या कॉलमवर स्वतःची पाटी राहू शकते. मग जोडणी. पान डेटाबेसशी बोलायला लागते तेव्हाच ‘यूटीएफ-८-एमबी-४’ असे स्पष्ट सांगायला हवे, मशीनच्या मूळ ठेवणीवर सोडू नये, आपल्यावर हा प्रसंग त्यानेच आला. मग सर्व्हर पानाबरोबर जो मथळा पाठवतो तो. आणि शेवटी पानाच्या अगदी सुरुवातीची ‘मेटा कॅरसेट’ची ओळ. ती पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावी लागते, आणि सर्व्हरचा मथळा वेगळे सांगत असेल तर ब्राउझर मथळ्याचे ऐकतो.

सर्व्हरवाले कदाचित सांगतील, ‘जोडणी पुन्हा लॅटिन-१ करून देतो, लगेच दिसायला लागेल.’ दिसेलही. उद्या वार्षिक सभा असेल आणि यादी आज हवी असेल तर तेवढ्यापुरते करून घ्या. पण ती जुनीच दोन चुकांची जोडी परत आणणे आहे. डेटाबेसला त्या मजकुरात मराठी आहे हे कधीच कळणार नाही. तो नावे वर्णानुक्रमे लावू शकणार नाही, शोध नीट चालणार नाही, आणि पन्नास अक्षरांच्या कॉलमात मराठीची सोळाच चिन्हे मावतील. लांब नावाच्या पुस्तकाचे शीर्षक अर्ध्यात तुटले असेल तर त्याचे कारण बहुधा हेच.

‘यूटीएफ-८-एमबी-४’ यातल्या चारबद्दल पुण्यात वेगळे सांगायला हवे. मायएसक्यूएलमध्ये नुसते ‘यूटीएफ-८’ म्हणून जे बरीच वर्षे मिळत होते ते तीनच बाइटांपर्यंत जाते. देवनागरीला ते पुरते. पण युनिकोडने २०१४ साली, ७.० या आवृत्तीत, मोडी लिपीला जागा दिली आणि मोडीचे प्रत्येक चिन्ह चार बाइटांचे आहे. तीन बाइटांच्या कॉलमात मोडीचे अक्षर घातले तर डेटाबेस नोंद नाकारतो, किंवा ढिलाईने चालवला असेल तर त्या अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर कापून टाकतो. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, सदाशिव पेठेत, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मोडी कागदांच्या सूच्या ज्या गावात होतात, तिथल्या वाचनालयाने हा चार विसरू नये.

प्रश्न : आमच्या सूचीत मराठी ठीक दिसते, पण फ्रेंच-जर्मन पुस्तकांची नावे आणि रोमन लिपीत टिंबे-रेघा देऊन लिहिलेली संस्कृत ग्रंथांची नावे बिघडतात. हे उलट कसे?

उत्तर : मूळ तेच, दिशा वेगळी असू शकते. फ्रेंच शब्दातल्या रेघवाल्या एका ‘ई’च्या जागी दोन चिन्हे दिसत असतील तर वर सांगितलेलेच दुखणे आहे, यूटीएफ-८ ला लॅटिन-१ म्हणून वाचले जाते आहे. पण त्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसत असेल तर उलट झाले आहे. ती नावे कोणीतरी जुन्या लॅटिन-१ च्या फाइलमधून आणून घातली आहेत, एका अक्षराला एक बाइट, आणि ब्राउझर त्यांना यूटीएफ-८ समजून वाचायला जातो. एकाच टेबलात अशा दोन घराण्यांच्या नोंदी असतील तर सरसकट इलाज करू नका, आधी वेगळ्या काढा.

संस्कृतच्या लिप्यंतराची गोष्ट निराळी. डोक्यावर आडवी रेघ असलेला ‘ए’ किंवा खाली टिंब असलेला ‘एन’ लॅटिन-१ मध्ये मुळीच नाहीत. त्यामुळे फ्रेंच टिकले आणि ही नावे प्रश्नचिन्हे झाली, असे होऊ शकते. तेव्हा टेबलाची आणि नावे ज्या फाइलमधून आणली तिचीही पाटी तपासा, त्यांपैकी एखादी लॅटिन-१ ची असू शकते. आडव्या रेघेचा दीर्घ ‘ए’ यूटीएफ-८ मध्ये १९६ आणि १२९ असा लिहिला जातो. त्यातला १२९ हा त्या रिकाम्या घरांपैकीच एक आहे, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : १९९८ च्या आमच्या अंकांचा मजकूर संकेतस्थळावर टाकला तर ‘मराठी’ऐवजी इंग्रजी ई-जे-के-बी-एच अशी अक्षरे दिसतात. यालाही हाच उपाय का?

उत्तर : नाही. हा मजकूर बिघडलेला नाही, तो पहिल्यापासून इंग्रजीच आहे. युनिकोड हाताशी नव्हते तेव्हा फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवले. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘ई’च्या कळीवर ‘म’, ‘जे’वर ‘र’, ‘के’वर काना, मोठ्या ‘बी’वर ‘ठ’ आणि ‘एच’वर दीर्घ वेलांटी आहे. फॉन्ट काढून घेतला की मागे इंग्रजी उरते. पुण्यातल्याच श्रीलिपीचे आणि सी-डॅकच्या जुन्या फॉन्टांचे तत्त्व हेच, फक्त प्रत्येकाची कळांची वाटणी वेगळी. अंक कोणत्या फॉन्टमध्ये जुळवला होता ते छापखान्याच्या जुन्या फाइलवरून शोधा आणि त्याच फॉन्टचा परिवर्तक वापरा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार बारकाईने तपासा. जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. हा क्रम फिरवताना जोडाक्षरांवर परिवर्तक चुकतात.

नारायण पेठेतल्या वाचकांसाठी एक शेवटचे काम राहिले. दुरुस्ती झाली असे वाटले की एक खोटी नोंद करा, ज्या खिडकीतून आपले स्वयंसेवक रोज नोंदी करतात त्याच खिडकीतून. त्यात पुढचे शब्द घाला : ॐ, झुंबर, एकतारी, ऐरण, भाट, वाऱ्यावर, ज्ञानेश्वर, चाँद, पुणे, ॲटलास, नारायण पेठ. ‘पेठ’ शेवटीच ठेवा, पुढे पूर्णविराम देऊ नका. नोंद जतन करा, पान बंद करून पुन्हा उघडा, फोनवर पाहा, बॅकअप काढून त्यात पाहा. मग तीच नोंद उघडून काही न बदलता पुन्हा जतन करा आणि ‘ठ’ जागेवर आहे का ते बघा. असेल, तर कपाटातली ती चार पुस्तके काढायला घ्या.